धरणाखालची विहीर

मावशी पहिल्यांदा ऑफिसात आल्या त्या भांडायच्या तयारीनंच. सांगोल्याला आमचं पाटबंधारे खात्याचं छोटं उपविभागीय कार्यालय होतं आणि मी तिथं उपअभियंता म्हणून नवीनच बदलून आले होते. दुपारची वेळ, मी डबा उघडून बसलेली. शिपाई नको म्हणत असताना त्या आत शिरल्या आणि पाण्याची एक बाटली माझ्या डब्याशेजारी ठेवून उभ्याच राहिल्या. सत्तरीच्या आसपास वय, काटक अंगलट, डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचलेला.

"बाई, हे पानी बगा. तुमच्या धरनामुळं माजी इहीर नासली. ती उपसून द्या, न्हायतर मी हितनं हलत न्हाय."

बाटलीतलं पाणी पातळ चहासारखं होतं. तळाशी बोटभर गाळ बसला होता.

"विहीर कुठं आहे तुमची?"

"धरनाच्या बुडालाच की. भिंत संपली की माजी डाळिंबं लागत्यात."

मी डबा झाकला. तोंडाशी आलेला घास ठेवून उठायची माझी रीत नाही. आमच्या घरी ते अन्नाचा अपमान मानतात. पण त्या पाण्याकडं बघून माझी भूक गेली होती. जीप काढायला सांगितली आणि मावशींना म्हणाले, "चला, आत्ताच बघू." भांडण न करताच काम होतंय म्हटल्यावर त्या जरा गोंधळल्या.

ते धरण बहात्तरच्या दुष्काळातलं. मातीचं, फार मोठं नाही. गावातले लोक त्याला तलावच म्हणायचे. रोजगार द्यायचा म्हणून त्या वेळी हजारो माणसांनी अशी धरणं पाटीनं माती वाहून उभी केली. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्याकडं फारसं कुणी बघितलं नाही. भिंतीवर वेड्या बाभळी माजल्या होत्या, पाण्याच्या बाजूचे दगड ढासळले होते आणि कालव्याचं दार इतकं गंजलं होतं, की ते उघडतंय की नाही हे तपासायचीही भीती वाटायची. उघडलं आणि परत बसलंच नाही तर?

जीपमध्ये मावशी खिडकीला धरून बसल्या होत्या. धरणाची भिंत दिसायला लागली तशा म्हणाल्या, "मी नवी नवरी होते तवा ह्याच्यावर माती वाहिली. दुपारी खायाला सुकडी मिळायची. सासूनं हातात पाटी दिली, ती काम संपंस्तवर खाली ठिवली न्हाय."

विहीर जुनी, दगडानं बांधलेली. पायऱ्या उतरून खाली गेले. धरणाच्या अंगाच्या दोन दगडांमधून मनगटाएवढी धार येत होती, आणि ती गढूळ होती.

हे थोडं समजावून सांगायला हवं. मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच. न पाझरणारं मातीचं धरण मी अजून पाहिलेलं नाही. पाझर स्वच्छ असेल तर काळजी नसते. पण तो गढूळ झाला, की पाणी आतली माती घेऊन बाहेर यायला लागलेलं असतं. आत बिळासारखी वाट पडते, ती रुंदावत जाते, आणि मग कधीतरी वरची भिंत खाली बसते. हे मी पुस्तकात शिकले होते. प्रत्यक्षात ते पहिल्यांदाच बघत होते, आणि त्या वर्षी नेमका तलाव काठोकाठ भरलेला होता. कित्येक वर्षांनी भरला म्हणून गावानं वाजतगाजत त्याची ओटी भरली होती. त्या कार्यक्रमाला मीही हार घालून घेतला होता.

मी वर आले. मावशी म्हणाल्या, "उपसनार का मग?"

"उपसायची नाही, मावशी. उपसली की ती धार आणखी माती ओढते. उलट तिच्यातली मोटर आजपासून बंद ठेवा. मी सांगेपर्यंत."

त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या डोळ्यांत मी तेव्हा पहिल्यांदा संशय बघितला.

त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही खडी आणि वाळूची पोती आणून विहिरीत त्या धारेसमोर थर रचले. पाणी यावं पण माती अडावी, एवढाच उद्देश. सोलापूरला माझ्या साहेबांना, म्हणजे कार्यकारी अभियंत्यांना, फोन केला. निवृत्तीला आलेले, थोडे चिडके, पण ऐकून घेणारे गृहस्थ. ते म्हणाले, "या धरणाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव तुमच्या आधीच्यानंही पाठवला होता. वरून काय उत्तर आलं माहीत आहे? तलाव वर्षानुवर्षं निम्माही भरत नाही, मग धोका कसला. आता भरलाय, तर म्हणतील भरलेल्या तलावात काम कसं करणार."

आणि अगदी तसंच झालं. मी नव्यानं प्रस्ताव पाठवला आणि पाणी उतरल्यावर विचार करू, असा निरोप आला. पाणी आपोआप उतरायचं म्हणजे उन्हाळा यावा लागणार होता. तोपर्यंत धरणानं वाट बघायला हवी होती.

म्हणजे पाणी आम्हीच उतरवायचं. हे गावाला सांगायचं काम माझं होतं.

त्या रात्री वडिलांशी फोनवर बोलले. आमचं गाव मंद्रूपकडचं. घरात आम्ही मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरतो आणि परत बाहेर येतो. वडिलांनी जन्मभर कोरडवाहू ज्वारी केली. मी इंजिनिअर झाले तेव्हा पोरगी पाणी आणणार, असं ते सगळ्यांना सांगत फिरले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मग ते हळूच म्हणाले, "नीर बिडतीयेन?" पाणी सोडतेस? एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

गावातल्या मारुतीच्या देवळासमोर सभा झाली. पारावर सरपंच, खाली बसलेली माणसं, कडेला उभ्या बायका. सरपंच माझ्याच वयाचे, कृषी पदवीधर, बोलायला नेमके. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दक्षिण सोलापूरच्या. तुम्हाला टँकरची रांग काय असते ते आम्ही सांगायला नको. भरलेला तलाव आम्ही रिकामा होऊ द्यायचा, हे तुम्ही कुणाला सांगताय? सांगोल्याला?"

"सगळा नाही. निम्म्याच्या खाली आणायचा."

"आणि पुढच्या वर्षी पाऊस आला न्हाय तर?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तर माझं नाव घेऊन शिव्या द्या. पण धरण फुटलं तर पाणी ओढ्यानं थेट खालच्या वस्तीवर जाईल. तिथं शाळा आहे."

गडबड झाली. दोन-तीन जण एकदम बोलायला लागले. पन्नास वर्षं फुटलं नाही ते आताच कसं फुटेल, ठेकेदाराचं भलं करायचंय, असं बरंच काही. मी बाटलीभर गढूळ पाणी दाखवलं, तर एक म्हातारबाबा म्हणाले, "इहिरीला गढूळ पानी येतंच की पावसाळ्यात." त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांना तो फरक कळावा असं माझं सांगणंच नव्हतं.

बायकांमध्ये मावशी उभ्या होत्या. त्या पुढं आल्या आणि मला वाटलं, आता त्या माझ्या बाजूनं बोलतील. तर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, ही दुरुस्ती झाली म्हंजे पाझर बंद हुनार का?"

"आत्तासारखा येणार नाही."

"म्हंजे माजी इहीर आटनार."

मी उत्तर द्यायला अडखळले, आणि ते अडखळणं सगळ्यांनी बघितलं.

"बगा," त्या लोकांकडं वळून म्हणाल्या, "मी हिला इहिरीचं दुखणं सांगाया गेले, आन् ही इहीरच माराया निगाली." मग पदर सावरून सरळ घराकडं चालत्या झाल्या. सभा तिथंच मोडली.

मी त्यांची बाजू नंतर समजून घेतली. धरणासाठी त्यांची निम्मी जमीन गेली होती. उरलेला पट्टा खडकाळ होता, पण धरण झाल्यावर त्याच्या पाझरानं विहिरीला बारमाही पाणी लागलं. नवरा गेला, मुलगा पुण्यात कंपनीत लागला आणि तिथंच राहिला. मावशी गडी लावून डाळिंबाची बाग बघायच्या. चांगली बाग होती. तालुक्यात टँकर फिरत असतानाही त्यांच्या झाडांना कळ्या असायच्या. ज्याला मी गळती म्हणत होते, त्याच्यावर त्यांचा संसार उभा होता.

वरून पाहणी समिती यायची ठरली ते साहेबांमुळं. ते मला न सांगता पुण्याला गेले, कुणाच्या तरी केबिनबाहेर दिवसभर बसले आणि तारीख घेऊन आले. मला म्हणाले, "मी आयुष्यात कुणाच्या दारात बसलो नव्हतो. आता जाता जाता बसलो." समितीनं स्वतःच्या डोळ्यांनी गढूळ पाझर बघितला तर मंजुरी मिळण्याची शक्यता होती. आम्ही रचलेल्या थरांतूनही थोडा गाळ येतच होता, पण तो दिसायचा तो फक्त मावशींच्या विहिरीत. आणि मावशींनी बागेच्या फाटकाला कुलूप लावलं होतं.

समिती यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी एकटीच गेले. जीप लांब ठेवली. मावशी बांधावर गवत कापत होत्या. मला बघून हात थांबवला नाही. मी शेजारी बसले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तिथं गेल्यावर ते सगळं ऑफिसचं वाटायला लागलं.

"मावशी, तुमची विहीर आटेल की नाही, हे मला खरंच माहीत नाही," मी म्हणाले. "पाणी कमी होईल, हे नक्की. खोटं सांगत नाही."

त्या कापतच राहिल्या.

"पाझर आम्ही पूर्ण बुजवत नाही. बुजवला तर तो दुसरीकडून फुटतो. भिंतीच्या बुडाशी वाळू-खडीचा चर करायचा, म्हणजे माती आत राहते आणि स्वच्छ पाणी बाहेर निघतं. ते पाणी कुठं सोडायचं, त्याबद्दल मी साहेबांशी बोलेन. शब्द देत नाही. बोलेन, एवढंच."

मग त्यांनी विळा खाली ठेवला. "त्यो गाळ जो येतोय इहिरीत, तो धरनातला हाय व्हय?"

"हो. भिंतीच्या पोटातली माती आहे ती."

"म्हंजे आमी टाकलेली."

मी मान हलवली. त्या भिंतीकडं बघत बसल्या. बाभळींमुळं ती टेकडीसारखीच दिसायची.

"माज्या संगं वाहनाऱ्या बाया बऱ्याच गेल्या आता," त्या म्हणाल्या. "एक तर तितंच बाळंत झाली हुती, त्या सांडव्यापाशी. ती पोरगी खालच्या वस्तीवर दिली हाय. आता तिची नातवंडं शाळंत जात्यात." मग गवताचा भारा बांधला, माझ्या मदतीनं डोक्यावर घेतला आणि निघताना म्हणाल्या, "उद्या किती माणसं येनार? च्या करायला बरं."

दुसऱ्या दिवशी फाटक उघडं होतं. समितीतले एक वयस्कर सदस्य गुडघे दुखत असतानाही पायऱ्या उतरून गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि वर येऊन ओला हात उन्हात धरून उभे राहिले. हात वाळला तेव्हा तळव्यावर मातीचा पातळ थर होता. त्यांनी तो बाकीच्यांना दाखवला. मावशींचा चहा घेतला. आणि मंजुरी आली. अट एवढीच की पुढच्या पावसाळ्याच्या आत काम पुरं व्हायला हवं.

मग पाणी उतरवायचा प्रश्न परत समोर आला. या वेळी सरपंच स्वतः ऑफिसात आले. समिती गावात येऊन गेल्यापासून त्यांचा सूर बदलला होता. ते म्हणाले, "मॅडम, सोडायचंच असेल तर ओढ्यात का घालवायचं? तालुक्यात शेततळी कमी आहेत का? सगळी कोरडी पडलीत. आम्हाला उपसायची परवानगी काढून द्या."

एवढी साधी गोष्ट. मी कालव्याचा आणि दाराचाच विचार करत बसले होते. परवानगीसाठी साहेबांनी परत एकदा फिरफिर केली, आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. तलावाच्या काठावर पंप बसले. काळे पाइप शेतांतून सापासारखे लांबच लांब गेले. प्लास्टिकच्या कागदाची शेततळी एकेक करून भरायला लागली. ज्याचं भरलं तो शेजाऱ्याच्या शेताला पाइप जोडायला मदत करायचा. भांडणंही झाली, नाही असं नाही. एकदा दोघा भावांनी एकमेकांचे पाइप कापले आणि सरपंचांना मध्ये पडावं लागलं. पण पाणी उतरत गेलं, आणि उतरताना वाया गेलं नाही. वडिलांना मी तळ्यांचे फोटो पाठवले. त्यांनी उत्तर दिलं नाही. आई म्हणाली, "शेजाऱ्यांना दाखवत फिरतायत."

काम सुरू झालं तसं माझं सगळं लक्ष वाळूवर गेलं. त्या चरासाठी ठराविक जाडीची धुतलेली वाळू लागते. फार बारीक चालत नाही, फार जाड चालत नाही. ठेकेदार माळशिरसकडचा, कामाला दांडगा पण घाईचा. त्यानं पहिल्या खेपेला दगडाची भुकटी मिसळलेली वाळू आणून टाकली. मी मूठभर पाण्यात ढवळून त्याला दाखवली. पाणी राखाडी झालं.

"मॅडम, खाली पुरायचंय. कोण बघतंय?"

"खाली पुरायचंय म्हणूनच."

तो दिवसभर फुगून बसला. मग वाळू परत भरून नेली. पुढं आमचं बरं जमलं.

मावशी रोज यायच्या. बाभळी तोडल्यावर त्यांना भिंतीची मूळ रेघ दिसली आणि त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. पोकलेन माती उचलायला लागला, की तोंडाला पदर लावून हसायच्या. "आमच्या दिवसभराचं काम ह्यो एका घासात करतोय की!" मजूर बायकांना त्या बहात्तरच्या गोष्टी सांगायच्या: पाटी रिकामी दिसली की मुकादम कसा ओरडायचा, सुकडी घरी कशी लपवून न्यायची. त्या बायका परजिल्ह्यातल्या होत्या, पण दुष्काळ त्यांनाही सांगावा लागत नव्हता.

चराचं पाणी कुठं सोडायचं, हे मी साहेबांपुढं काढलं. नकाशात ते सरळ ओढ्याला जात होतं. मावशींच्या विहिरीला ते देणं नियमात बसणारं नव्हतं, आणि एकाला दिलं की दुसरा मागणार, हेही खरं होतं. साहेबांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला.

"ओढ्यालाच सोडा," ते म्हणाले. "पण पाणी नेणारी ही चारी थोडी वळवून काढा. तिथं खडक आहे ना? खडक टाळायचा तर वळण घ्यावंच लागतं." चारी जिथून वळवायला त्यांनी बोट ठेवलं होतं, तिथून मावशींची विहीर हाकेच्या अंतरावर होती. कच्ची चारी. तिच्यातून जमिनीत मुरेल तेवढं मुरेल. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. खडक तिथं खरोखरच होता.

पाऊस आला तेव्हा नवं दार बसलं होतं, जादा पाणी वाहून जायचा सांडवा रुंद झाला होता. त्या वर्षी बरा पाऊस झाला आणि तलाव बऱ्यापैकी भरला. पाणी वर चढत होतं तसतशी मी रोज सकाळी जाऊन चराच्या तोंडाशी उभी राहायची. साहेब तोवर निवृत्त झाले होते, तरी फोन करून विचारायचे, "रंग काय म्हणतो?" पाणी स्वच्छ होतं. तळाचे खडे मोजता यावेत एवढं स्वच्छ. पहिले काही दिवस माझा विश्वासच बसत नव्हता. मग बसला, आणि एका सकाळी मी तिथंच चारीच्या काठावर बसून मनसोक्त रडले. कशासाठी ते मला नीट सांगता येणार नाही.

मावशींची विहीर आटली नाही. पण पूर्वीसारखी राहिलीही नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला जायला लागलं. चारीच्या वळणानं थोडा आधार दिला, पण बागेला पुरेल एवढा नाही. वरच्या अंगाच्या डाळिंबाच्या ओळी त्यांनी काढून टाकल्या आणि तिथं बोरं लावली. मुलगा पुण्याहून आला होता, त्यानं मला स्वच्छ शब्दांत सांगितलं, की आमचं नुकसान झालं आणि ते कुणी भरून दिलं नाही. मी ऐकून घेतलं. भरपाईसाठी मी लिहिलं होतं, पण पाझराच्या पाण्यावर कुणाचा हक्क नसतो, असं उत्तर आलं होतं. कायद्यानं ते बरोबरही असेल.

माझी सोलापूरला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. झाडं काढलेल्या ओळींमधली माती अजून मोकळी होती. मावशींनी भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. आम्ही दारातच बसून जेवलो. समोर धरणाची भिंत, आता नीट तासलेली, गवताची.

"मावशी, माझ्यावर राग आहे का तुमचा?" मी विचारलं. न विचारता निघता आलं असतं, पण मग ते माझ्या मनात राहिलं असतं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "राग कसला? बरं झालं ते. खालची लेकरं निजत्यात निवांत." मग म्हणाल्या, "पर बागंचं वाईट वाटतंय."

"मलाही वाटतं."

"मग वाटू द्या की," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.